हातानं लिहिलेली ओळ

रंगपंचमीच्या दिवशी इंदूरमध्ये कुणी कुणाला कामाचा फोन करत नाही, आणि केलाच तर कुणी उचलत नाही. त्यामुळे दुपारी एक वाजता, कानामागचा हिरवा रंग तिसऱ्यांदा साबण लावून घासत असताना शोभनाताईंचा फोन वाजला आणि त्यावर मल्हारगंजच्या लॅबमधल्या शशिकलाचं नाव दिसलं, तेव्हा साबण टाकून त्यांनी तो लगेच उचलला.

"ताई, तुम्हाला फोन करायची मनाई आहे मला," शशिकला एका दमात म्हणाली. "पण केलाय. अन्नपूर्णा सेंटरला सकाळी नऊपासून एक रिपोर्ट दिसत नाहीये. एक पण नाही."

"नऊपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"सुशांत सरांना अकरा वेळा लावला हो! ऑर्डर त्यांचीच ना, के पहले मुझे कॉल करना. ते गेरच्या मिरवणुकीत आहेत. मला खिडकीतून दिसतायत, टँकरवर चढलेत. मी वरून हाका मारल्या, तर मला हात हलवून दाखवला आणि माझ्याच अंगावर गुलाल उडवला."

मागून ढोलांचा एवढा दणका येत होता की शोभनाताईंना पुढचं वाक्य दोनदा विचारावं लागलं.

"पोटॅशियम, ताई. एका पेशंटचं. सहा पॉइंट आठ आलंय. दोनदा मशीनवर लावलं, तेच येतंय. अन्नपूर्णाच्या टेबलावरचा फोन लागतच नाही, आणि तिथल्या मुलींचे मोबाइल तर सुशांत सर सकाळीच कपाटात ठेवून घेतात. रस्ते बंद आहेत, नाहीतर मी कागद घेऊन पळत गेले असते."

शोभनाताई डॉक्टर नव्हत्या. पण एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेल्या बाईला एवढं कळतं की पोटॅशियम पाचापर्यंत ठीक, आणि सातच्या जवळ गेलं की हृदय कधी थांबेल याचा नेम नाही. ओल्या हातांनीच त्यांनी लॅपटॉप उघडला. पाच मिनिटं लागली. घड्याळ लावून पाच. अन्नपूर्णाच्या राउटरमध्ये एक ओळ होती, जी त्यांनी लिहिलेली नव्हती. तिचीच जोडीदार मल्हारगंजच्या राउटरमध्ये होती. दोन्ही त्यांनी काढल्या, आणि चार तास तुंबलेले सगळे रिपोर्ट अन्नपूर्णाच्या पडद्यावर एकामागून एक उघडायला लागले.

त्या ओळीची गोष्ट सांगायची तर आधी शोभनाताई सांगायला हव्यात.

शोभना मुळ्ये, वय अठ्ठेचाळीस, बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स. वडील बाबूराव टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. ज्या काळात मुंबईला बोलायचं म्हणजे नंबर नोंदवून तीन-तीन तास वाट बघायची, त्या काळात बाबूराव कानाला यंत्र लावून बसायचे आणि भोपाळची लाइन गुंतलेली असली तर खांडव्यावरून, खांडवा बंद असला तर आणखी कुठून, असा रस्ता काढत राहायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "शोभे, लोकांना वाटतं तार सरळ जाते. तार कधी सरळ जात नसते. बोलणं पोचलं पाहिजे. कुठून पोचलं ते कोण विचारतो?" मुलीच्या डोक्यात हे पक्कं बसलं. पुढे तिनं कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवलं, लग्नानंतर नेटवर्किंगच्या परीक्षा दिल्या, आणि डॉ. वासुदेव यांच्या लॅबमध्ये लागली. तेव्हा लॅब मल्हारगंजातल्या दोन खोल्यांत होती. आता मल्हारगंजात मोठी मशिनं आहेत, रिपोर्टांचा सर्व्हरही तिथंच. अन्नपूर्णाला रक्त घेण्याचं सेंटर आहे आणि पलासियाला ऑफिस. या तिन्ही जागा एकमेकींना जोडल्या त्या शोभनाताईंनी. लॅबमध्ये त्यांना सगळे 'ताई' म्हणत आणि काही बंद पडलं की त्यांनाच फोन करत. पाच-सहा वर्षांत कुणी क्वचितच फोन केला होता. याचा अर्थ काम चोख चाललंय असा घ्यायचा असतो. मालकांच्या घरात मात्र त्याचा अर्थ असा घेतला गेला, की या बाईंना काही काम नसतं.

तीन जागा, म्हणजे त्रिकोण. अन्नपूर्णाहून मल्हारगंजला जायला दोन रस्ते. एक सरळ. दोन्ही गच्च्यांवर थाळीसारखे अँटेना बसवलेत, ते एकमेकांकडे तोंड करून हवेतून बोलतात. हा सगळ्यात जुना. दुसरा पलासियावरून. अन्नपूर्णा ते पलासिया फायबर, पलासिया ते मल्हारगंज फायबर. दोन टप्पे, पण रुंद आणि भरवशाचे.

आता राउटर यातला कुठला रस्ता निवडतो? अगदी जुन्या पद्धतीत तो फक्त टप्पे मोजायचा. एक टप्पा दोनांपेक्षा कमी, चला सरळ. म्हणजे अन्नपूर्णाहून निघालेल्या माणसानं फक्त चौक मोजायचे. चौकात गर्दी किती, रस्ता खोदलाय का, हे बघायचंच नाही. शोभनाताईंनी लावलेली पद्धत तशी नव्हती. तिच्यात प्रत्येक रस्त्याला एक आकडा असतो, त्या रस्त्यानं जाण्याचं ओझं म्हणा. रुंद रस्त्याला लहान आकडा, अरुंद नि बेभरवशाच्या रस्त्याला मोठा. फायबरच्या एकेका टप्प्याला त्यांनी दहा दिला होता, आणि अँटेनाच्या सरळ रस्त्याला शंभर. राउटर बेरीज करतो. दहा आणि दहा वीस. वीस शंभरापेक्षा कमी. चला पलासियावरून. शिवाय हे राउटर मुके नसतात. दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतात, आहेस ना? ओळीनं चार हाका वाया गेल्या की शेजारी गेला असं धरतात, बाकीच्यांना कळवतात, आणि सगळे आपापल्या जागी नव्यानं बेरीज करून दुसरा रस्ता धरतात. मिनिटभराच्या आत. कुणाला उठवावं लागत नाही.

आणि शंभरच का? पन्नास का नाही? कारण मल्हारगंजातली ती गच्ची टोरी कॉर्नरच्या बाजूला आहे. दर रंगपंचमीला गेर निघते, रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते, आणि आख्खी गल्ली गेर बघायला त्या गच्चीवर चढते. लोक अँटेनाच्या खांबाला धरून उभे राहतात, खालून रंगाचे फवारे चार-चार मजले उडतात, आणि संध्याकाळी बघावं तर थाळीचं तोंड अन्नपूर्णाऐवजी भलतीकडेच वळलेलं. दुसऱ्या दिवशी शोभनाताई पाना घेऊन गच्चीवर जायच्या आणि थाळी सरळ करायच्या. बारा वर्षं. शंभरचा तो आकडा पुस्तकात बघून लिहिलेला नव्हता. त्यात गल्ली होती, गेर होती, बारा वर्षांचा गुलाल होता.

दीड वर्षापूर्वी सुशांत आला. डॉक्टरांचा पुतण्या. पुण्याला एमबीए करून, दोन नोकऱ्या बदलून परत आला आणि डॉक्टरांनी त्याला 'आयटी डायरेक्टर' करून टाकलं. वागायला वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी पोहे-जलेबी मागवली, शोभनाताईंच्या पाया पडला. "ताई, मी घरचाच आहे, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या." मात्र एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. एकट्याशी बोलताना तो 'ताई' म्हणायचा आणि मीटिंगमध्ये 'मॅडम'.

गणपतीच्या दिवसांत त्यानं पासवर्ड मागितला. "ताई, बस देखना है. काही हात नाही लावणार."

आणि शोभनाताईंनी दिला. एका चिठ्ठीवर लिहून दिला. नियम त्यांना पाठ होते. पासवर्ड नवऱ्यालासुद्धा सांगायचा नसतो, हे त्यांनीच क्लासात शंभर पोरांना शिकवलं होतं. पण घरचा मुलगा मागतोय, मालकाचा पुतण्या, नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे 'नाही' म्हणणं हा उद्धटपणा असतो आणि 'घरचाच आहे' हे सगळ्या कुलपांची किल्ली असते.

पंधरा दिवसांनी तो मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, एक बात बताओ. अन्नपूर्णा से मल्हारगंज डायरेक्ट लिंक है. आणि आपला डेटा पलासिया घूम के जातोय? सीधा रास्ता छोडून? ये तो ऐसा हुआ के सराफ्यात जायचं आणि आधी देवास गाठायचं!"

सगळे हसले. शोभनाताईंनी समजावलं. आकडे सांगितले, गच्ची सांगितली, गेर सांगितली.

"गेर?" तो म्हणाला. "मॅडम, नेटवर्क की मीटिंग है. गेर कहाँ से आ गई?"

परत सगळे हसले. नोव्हेंबरात एका रविवारी त्यानं शोभनाताईंच्या नावानं आत जाऊन दोन्हीकडच्या राउटरमध्ये एकेक ओळ हातानं लिहिली. दोन्हीकडं अर्थ एकच. समोरच्याकडं जायचं तर सरळ जा.

राउटरकडे कुणाचं किती ऐकायचं याची उतरंड ठरलेली असते. माणसानं हातानं लिहिलेल्या ओळीचा मान एक नंबरचा. शेजारच्या राउटरांनी एकमेकांना विचारून, मोजून, बेरीज करून जे ठरवलं, त्याचा मान एकशेदहावा. लहान नंबर तो मोठा माणूस. म्हणजे हातानं लिहिलेलं असलं की शेजारी कितीही ओरडोत, राउटर त्यांचं ऐकतच नाही. ऐकतो, पण करत नाही. आणि वरून हे, की अँटेनाची थाळी वळली तरी राउटरपासून गच्चीपर्यंतची वायर शाबूतच असते. राउटरला आपलं तोंड उघडं दिसतं. तो इमानानं एकेक रिपोर्ट त्या वायरीत ढकलत राहतो, आणि वर गच्चीवर तो रिपोर्ट आभाळात जातो. टेबलावरचे फोनही त्याच रस्त्यानं. अन्नपूर्णाचं इंटरनेट मात्र पलासियावरून, ते झकास चालू. त्यामुळे तिथल्या मुलींना वाटलं, नेट तर आहे, मशीनच हळू चालत असेल.

चार महिने काही झालं नाही. सुशांत सगळ्यांना सांगत फिरला, बघा, एक टप्पा वाचवला. त्यातच त्यानं तो आदेश काढला, काही बिघडलं तर आधी मला फोन, मॅडमना परस्पर नाही. आणि मग रंगपंचमी आली.

ज्यांचं पोटॅशियम वाढलं होतं ते श्रीराम खांडेकर, किडनीचे जुने पेशंट. त्यांची मुलगी प्राची पहाटे दिलेल्या रक्ताच्या रिपोर्टासाठी सकाळी नऊपासून टोकन हातात धरून अन्नपूर्णा सेंटरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिनं सात वेळा विचारलं. सात वेळा तिला सांगितलं, "मॅडम, आज त्योहार है ना, थोडा टाइम लगेगा." श्रीरामकाकांना दोन वाजता दवाखान्यात नेलं, तीन दिवस ठेवलं, वाचले. वाचले हे त्यांचं नशीब. लॅबचं कर्तृत्व नव्हे. प्राचीनं तक्रार लिहिली, त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. दोनच प्रश्न होते. हे कोणामुळे झालं? आणि परत होणार नाही, हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शोभनाताई नेहमीसारख्या पाना घेऊन गच्चीवर गेल्या. शशिकलानं शिडी धरली. थाळी सरळ झाली. शनिवारी त्यांच्या हातात कागद आला. इंग्रजीतून छापलेला, गुळगुळीत. चौकशीअंती दोष मानवी चुकीचा. जबाबदार व्यक्ती: एस. मुळ्ये. खाली सहीसाठी रेघ. सोमवारी पलासियाच्या ऑफिसात यावे.

रात्रीच्या पोळ्या त्या दिवशी जाड झाल्या, दोन करपल्या. नवरा यतीन बँकेत. शांत, कागदाला कागद लावणारा माणूस. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"नोकरीवरून काढतो असं तर लिहिलं नाहीये," तो म्हणाला. "डॉक्टर चांगले आहेत. सही करून टाक आणि मोकळी हो. आठ दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील," शोभनाताई म्हणाल्या, "पण त्या राउटरमध्ये ती ओळ आहे."

"तू काढलीस ना?"

"गुरुवारी काढली. शुक्रवारी त्यानं परत लिहिली! थाळी सरळ झाली, लाइट हिरवा झाला, की लगेच. अन्नपूर्णाला पण आणि मल्हारगंजला पण. आज बघितलं मी. सोमवारी दाखवायला तशीच ठेवलीय, थाळी सरळ आहे तोवर रिपोर्ट जातायत. म्हणजे मी सही केली की झालं, चूक शोभनाची, ओळ साहेबांची, ती राहील. पुढच्या रंगपंचमीला पुन्हा कुणीतरी त्या खुर्चीवर टोकन धरून बसेल. आणि मी काय सांगू तिला? की मी सही केली होती?"

यतीननं कागद घडी घालून परत दिला. ताट पुढे ओढलं आणि म्हणाला, "करपलेली मला वाढ."

सोमवारी ऑफिसात डॉक्टर वासुदेव मधल्या खुर्चीवर, वय शहात्तर, कानात यंत्र, शेजारी सुशांत. सुशांतच्या कानाच्या पाळीला अजून गुलाबी रंग होता. शोभनाताईंची नजर पहिल्यांदा तिथंच गेली, आणि जे काही त्या शांतपणे बोलायचं ठरवून आल्या होत्या, त्यातलं निम्मं तिथंच जळालं.

"शोभनाबाई, बसा," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, त्या प्राचीबाई वकिलाकडे जायच्या म्हणतात. आपल्याला एक नाव द्यावं लागतंय. तुमची नोकरी कुठं जात नाही, माझा शब्द आहे. तुम्ही तर घरातल्याच."

"डॉक्टरसाहेब, घरातली म्हणताय, आणि नाव द्यायची वेळ आली की बाहेरची मीच?"

"मॅडम, इसमें इमोशनल क्या होना," सुशांत म्हणाला. "लॉग देख लो. एंट्री आपके नाम से है. मशीन झूठ नहीं बोलती."

"नाही ना बोलत? मग तिलाच विचारू या."

त्यांनी लॅपटॉप डॉक्टरांकडे वळवला. ऐकू कमी येत असलं तरी डॉक्टरांचे डोळे पक्के होते. पन्नास वर्षं मायक्रोस्कोपला लावलेले.

"गेल्या वर्षी रंगपंचमीला तुम्ही अन्नपूर्णाहून मल्हारगंजला आला होतात. गाडी राजवाड्यावरून नेलीत?"

"वेड लागलंय का? राजवाड्यावरून माणूस तरी जाईल का त्या दिवशी! गंगवालकडून वळसा घालून, मागच्या गल्लीत गाडी सोडून चालत आलो."

"ड्रायव्हरनं वाटेत विचारलं असेल ना, कुठं बंद आहे, कुठं चालू आहे?"

"चौकाचौकात विचारत आला."

"आता समजा, निघताना त्याच्या हातात कुणी चिठ्ठी दिली असती. मालकांची सही असलेली. काहीही झालं तरी राजवाड्यावरूनच जायचं, कुणाचं ऐकायचं नाही. आणि तो बिचारा इमानी. काय झालं असतं?"

शोभनाताईंनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ती चिठ्ठी. नोव्हेंबरच्या रविवारी लिहिली. माझ्या नावानं, खरं आहे. गुरुवारी मी ती काढली, तेव्हा रिपोर्ट पोचले. आणि ही बघा, शुक्रवारी परत लिहिली, दहा वाजून बारा मिनिटं, पुन्हा माझ्याच नावानं. शुक्रवारी दहा वाजून बारा मिनिटांनी मी कुठं होते, डॉक्टरसाहेब? अँटेना जुळल्याबरोबर मी वरून ओरडले, हिरवा झाला का गं! तुम्ही खाली अंगणात होतात. मला काय म्हणालात?"

डॉक्टरांनी कानातलं यंत्र उगाच नीट केलं. "जपून उतरा म्हणालो. पडाल, म्हणालो."

"माझ्या एका हातात पाना होता आणि दुसरा खांबाला. टाइप काय पायानं केलं मी?"

सुशांत खुर्चीत सावरून बसला. "काका, वो टेस्टिंग के लिए... डायरेक्ट लिंकच बरोबर आहे, कॉमन सेन्स आहे. कोणालाही विचारा."

"विचारायचं कशाला? विचारणाऱ्यांचं ऐकायचंच नाही असं तर लिहून ठेवलंत तुम्ही!" शोभनाताईंचा आवाज चढला, आणि चढला तर चढू दे असं त्यांना वाटलं. "तीन राउटर बारा वर्षं एकमेकांना हाका मारून, मोजून मापून रस्ता ठरवत होते. त्यांना गप्प बसवलंत. शशिकला खिडकीतून हाका मारत होती. तिला गुलाल उडवून दाखवलात. प्राचीबाईंनी सात वेळा विचारलं. मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर 'गेर कहाँ से आ गई'! गेर कुठून येते हे इंदूरच्या माणसानं विचारावं?"

मग डॉक्टरांनी तो मार्ग काढला, जो अशा वेळी सगळे मालक काढतात.

"बरं, ठीक आहे. तुमचं नाव नको. आपण 'तांत्रिक बिघाड' लिहू या. कुणाचंच नाव नको. घरातली गोष्ट घरात राहील."

शोभनाताईंना वाटलं होतं, आपलं नाव निघालं की आपण शांत होऊ. झालं उलटंच.

"बिघाड? कशात बिघाड? डॉक्टरसाहेब, सगळ्या खोलीत एकट्या त्या मशीननंच सांगितलेलं काम इमानानं केलंय, आणि बदनाम तिलाच करायचं? 'तांत्रिक बिघाड' लिहिलंत तर उद्या नवा राउटर आणतील, त्यात परत तीच ओळ लिहितील. मानवी चूक लिहिलंय ना कागदावर? बरोबरच लिहिलंय. ते नका खोडू."

त्यांनी कागद पुढे ओढला. 'एस. मुळ्ये' एवढंच खोडलं, एका सरळ रेघेनं. खाली मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं: 'माझा पासवर्ड मी दुसऱ्याला वापरायला दिला. हे माझं चुकलं. नियम माहीत असून दिला.' त्याखाली पूर्ण नाव, शोभना यतीन मुळ्ये, सही, तारीख.

"माझी चूक एवढी आहे," त्या म्हणाल्या. "एवढी मी कुठंही, कुणाहीपुढे कबूल करीन. उरलेली ज्याची त्यानं लिहावी."

आणि पेन सुशांतपुढे ठेवलं.

सुशांतनं पेनकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी कागद वाचला. शोभनाताईंचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलेलं दिसलं, कारण त्यांची नजर परत वर गेली.

"लिही," डॉक्टर म्हणाले.

"काका, ये बाहर गया तो—"

"त्या प्राचीबाईंनी विचारलंय ना, कोणामुळे? बाहेरच जाणार आहे तो. लिही. आणि त्याआधी ती ओळ काढ. यांच्यासमोर, तुझ्या हातानं."

सुशांतनं लॅपटॉप ओढला. अन्नपूर्णाचा राउटर उघडला. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. लिहायला शिकला होता, एका व्हिडिओवरून. काढायचं त्या व्हिडिओत नव्हतं. त्यानं मान वर केली, तेव्हा चेहरा कानांहून लाल झाला होता.

"ताई," तो हळू म्हणाला, "कमांड काय आहे?"

मीटिंगमध्ये पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'ताई' आलं. शोभनाताईंना त्याचं काही कौतुक वाटलं नाही.

"तीच ओळ जशीच्या तशी लिहायची. फक्त सुरुवातीला 'नो' लावायचा," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे. एकीकडे काढून भागत नाही. इकडून गेलेल्या विचारणेचं उत्तर तिकडून परतही यावं लागतं."

त्यानं दोन्हीकडे काढली. पलासियाच्या रस्त्यावरून सगळं पुन्हा जायला लागलं, आणि त्या क्षणी तिन्ही जागांत कुणालाही काहीही कळलं नाही, जसं कळू नये तसंच. मग त्यानं कागदावर लिहिलं. त्याचं मराठी अक्षर अडखळत होतं, पण 'मी' हा शब्द नीट वाचता येत होता.

त्याच संध्याकाळी शोभनाताई कागदाची प्रत घेऊन अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत प्राचीच्या घरी गेल्या. डॉक्टर वकिलाकरवी पाठवतो म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. श्रीरामकाका आतल्या खोलीत झोपले होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. प्राचीनं दारातच उभ्यानं कागद वाचला. आत या म्हणाली नाही, आणि का म्हणावं?

"चार तास, मॅडम," ती म्हणाली.

"हो. चार तास."

"आणि हे तुम्ही कशाला लिहिलंत? पासवर्डचं? तुमचं नाव तर खोडलेलं दिसतंय."

"तुम्ही विचारलं होतंत ना, कोणामुळे. थोडं माझ्यामुळेही."

प्राचीनं कागदावरून नजर काढली नाही. शोभनाताईंना वाटलं, आता ही दार लावणार.

"बदललात का मग?" तिनं विचारलं. "पासवर्ड?"

"मीटिंगमधून उठायच्या आधी."

प्राचीनं कागदाच्या चार घड्या केल्या, आणि दारातून थोडी बाजूला झाली.